लॉगबुक, लोड आणि लेह: वाहतूक विमानांवरच्या माजी वायुसैनिकांच्या आठवणी कशा नोंदवाव्यात

वायुदलाच्या वाहतूक विमानांवर वीस-पंचवीस वर्षे काढलेल्या माणसाला आठवणी सांगायची विनंती केली की पहिले उत्तर बहुधा ठरलेले असते: "आमचे काय, आम्ही ओझी वाहिली." यात विनय थोडा आणि वस्तुस्थिती पुष्कळ असते. लढाऊ वैमानिकाच्या आठवणींना एखाद्या दिवसाचा, एखाद्या चकमकीचा कणा असतो. वाहतूक विमानावरच्या माणसाने मात्र चंदीगड ते लेह हा एकच मार्ग शेकडो वेळा पार केलेला असतो किंवा जोरहाटहून उडून ईशान्येच्या डोंगरांतल्या त्याच त्या मोकळ्या जागांवर वर्षानुवर्षे तांदूळ आणि मीठ टाकलेले असते, आणि त्यातला कोणता दिवस वेगळा काढून सांगावा हे त्याचे त्यालाही उमगत नाही. म्हणून या आठवणी नोंदवण्याची रीतही थोडी निराळी ठेवावी लागते. शौर्याचा प्रसंग विचारू नये. विमानात काय भरले होते, ते विचारावे.

हे मला पहिल्याच ध्वनिमुद्रणात चुकून शिकायला मिळाले. एका निवृत्त फ्लाइट इंजिनिअरना मी सेवेतला सर्वांत कसोटीचा क्षण विचारला आणि त्यांनी दोन मिनिटांत उत्तर आटोपून चहा मागवला. यंत्र बंद करून मी चहा घेत असताना, पोती विमानातून खाली टाकल्यावर फुटत नसत का, असे सहज विचारले. त्यांनी खिशातला रुमाल काढून त्यात मूठभर शेंगदाणे बांधले, ते पुरचुंडे टेबलावरच्या मोठ्या फडक्यात सैल गुंडाळले आणि हात उंच करून जमिनीवर सोडले. आतला रुमाल सुटला, पण एकही शेंगदाणा फडक्याबाहेर आला नाही. "आतले पोते फुटणारच, ते धरूनच चालायचे, बाहेरचे मोठे आणि सैल ठेवायचे," असे म्हणून पुढचा तासभर ते वजने, दोरखंड, दरवाजाशी बसणारा वारा आणि पोती ढकलणारी माणसे यांविषयी बोलत राहिले. त्यातले काहीच मुद्रित झाले नाही. तेव्हापासून निरोप घेऊन उंबरठा ओलांडेपर्यंत मी यंत्र बंद करत नाही, अर्थात समोरच्याला तसे आधी सांगून.

भेटीपूर्वीचा अभ्यास

प्रश्न विचारणाऱ्याला विमाने ओळखता आली पाहिजेत, कारण वाहतूक शाखेत माणसाची पिढी विमानावरून कळते. डाकोटा या जुन्या दोन इंजिनांच्या विमानावर काम केलेली माणसे आता जवळजवळ उरलेली नाहीत. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी १ शीख पलटणीचे जवान दिल्लीहून श्रीनगरला उतरवले ते १२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या डाकोटांनी, आणि २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी मेजर जनरल थिमय्या यांना सोबत घेऊन लेहच्या नव्या धावपट्टीवर पहिले विमान उतरवले तेही डाकोटाच होते. या विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती, एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी त्या उड्डाणाविषयी काय विचारायचे ते आपोआप सुचते. त्यानंतर १९५४ पासून पॅकेट आले: जुळ्या शेपटदांड्यांचे, दोन इंजिनांचे, आणि हिमालयाच्या उंचीवर जोर कमी पडतो म्हणून पुढे पाठीवर छोटे जेट इंजिन बसवलेले. कॅनडाची ऑटर आणि कॅरिबू ही आखूड धावपट्ट्यांवर उतरणारी विमाने. १९६१ साली चार इंजिनांचे ए.एन.१२ दाखल झाले. त्याच वर्षी कानपूरला बांधलेल्या पहिल्या ॲव्रोने उड्डाण केले. १९८४ पासून ए.एन.३२, १९८५ पासून आय.एल.७६, २०११ साली सी-१३०जे, २०१३ साली सी-१७ आणि २०२३ साली सी-२९५ असा पुढचा क्रम आहे.

ही जंत्री पाठ करण्यासाठी नाही. समोरच्या व्यक्तीच्या भरतीचे आणि निवृत्तीचे वर्ष कळले की तिच्या हाताखालून कोणती विमाने गेली असतील याचा अंदाज बांधता यावा, एवढाच तिचा उपयोग. डाकोटा साधारण पावणेतीन टन माल नेई, ए.एन.३२ पावणेसात टनांपर्यंत नेते, ए.एन.१२ वीस टनांपर्यंत नेई, आय.एल.७६ चाळीस टनांहून अधिक आणि सी-१७ सत्तर टनांच्याही वर जाते. लेहसारख्या उंच ठिकाणी हे आकडे बरेच खाली येतात, कारण विरळ हवेत इंजिनाचा आणि पंखांचा दोहोंचाही जोर घटतो. "तुम्ही लेहला किती वजन घेऊन जात होता आणि परतताना किती?" हा साधा प्रश्न ज्याला विचारता येतो, त्याच्याशी निवृत्त माणूस निराळ्या तऱ्हेने बोलू लागतो, आपल्या कामाची रीत समजून घेणारा कोणी आला आहे हे त्याला जाणवते.

माणसे शोधण्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि एअर फोर्स असोसिएशनच्या शाखा हे सरळ मार्ग आहेत. मात्र तेथे चौकशी करताना "वैमानिक हवे आहेत" असे म्हणू नये. वाहतूक विमानात वैमानिकाइतकेच नेव्हिगेटर, फ्लाइट इंजिनिअर, सिग्नलर आणि फ्लाइट गनर महत्त्वाचे असत. माल लादणे, बांधणे आणि योग्य क्षणी सोडणे यांचा तपशील गनरकडे जितका मिळतो तितका क्वचितच दुसऱ्या कोणाकडे मिळतो. याखेरीज रात्रभर टारमॅकवर स्नॅग (बिघाड) दुरुस्त करून पहाटे विमान उड्डाणयोग्य म्हणून सही करणारे तंत्रज्ञ, कानपूरच्या दुरुस्ती आगारात ए.एन.३२ सुटे करून पुन्हा जोडणारे कारागीर, पॅराशूट घड्या घालणारे, आणि विमानाच्या उघड्या दरवाजाशी उभे राहून माल ढकलणारे लष्कराच्या सेवा कोअरचे जवान या सर्वांची गणना याच इतिहासात करावी. १९९० च्या दशकापासून महिला वैमानिकही वाहतूक विमाने चालवत आल्या आहेत आणि त्यांतील काही आता निवृत्त झाल्या आहेत. माझ्या मते सुरुवात तंत्रज्ञांपासून करावी. त्यांना आजवर कोणी फारसे विचारलेले नसते, त्यामुळे तोंडपाठ झालेला किस्सा त्यांच्याकडे नसतो.

लॉगबुक वाचताना

उड्डाण करणाऱ्या प्रत्येकाकडे लॉगबुक असते आणि बहुतेकांनी ते जपून ठेवलेले असते. मुलाखतीपूर्वी ते पाहायला मिळाले तर निम्मे काम झाले असे समजावे. जुन्या पद्धतीच्या लॉगबुकाच्या डाव्या पानावर तारीख, विमानाचा प्रकार आणि क्रमांक, पहिला वैमानिक, दुसरा वैमानिक किंवा इतर कर्मचारी आणि कामगिरी असे रकाने असतात. उजव्या पानावर दिवसाचे आणि रात्रीचे तास. रात्रीचे उड्डाण लाल शाईने लिहिण्याची रीत आहे. महिन्याच्या शेवटी बेरीज करून वरिष्ठाची सही घेतलेली असते. ही महिन्याची बेरीज आधी पाहावी. एखाद्या महिन्यात तास अचानक दुपटीने वाढलेले दिसले तर त्या काळात काहीतरी घडलेले असते: युद्ध, पूर, भूकंप किंवा हिवाळ्यापूर्वीचा साठा. एखादा महिना कोरा असेल तर आजारपण, प्रशिक्षण, रजा किंवा अपघात यांपैकी एक कारण निघते, आणि त्या कोऱ्या महिन्याविषयी विचारल्यावर कित्येकदा सर्वांत मोलाची माहिती मिळते.

कामगिरीच्या रकान्यात दोन-तीन शब्दांपलीकडे काही नसते. "कुरिअर", "सप्लाय ड्रॉप", "एअर टेस्ट" असे लिहून माणूस मोकळा झालेला असतो. तुमचे काम या दोन शब्दांमागचा दिवस बाहेर काढण्याचे आहे. त्यासाठी एकच नोंद निवडून तिच्यावर बोट ठेवावे आणि क्रमाने विचारावे: त्या दिवशी किती वाजता उठलात, हवामानाची माहिती कोणी व कशी दिली, माल कोणी मोजला, विमानात कोण प्रवासी होते, दरी कोणत्या खुणेवरून ओळखली, उतरल्यावर इंजिने बंद केली का, परतताना विमानात काय होते. परतीच्या फेरीचा प्रश्न कधीही चुकवू नये. जाताना रसद असे. येताना रजेवरचे जवान, आजारी माणसे, टपाल, रिकामी पिंपे आणि काही वेळा शवपेट्या असत. रजेवर निघालेला जवान लेहच्या धावपट्टीशेजारी चार-चार दिवस हवामान निवळण्याची वाट पाहत थांबे आणि विमानाचा आवाज ऐकू आला की काय होई, हे विमानातल्या माणसाने वरून पाहिलेले असते. तो हे आपणहून सांगत नाही, कारण त्याच्या लेखी ती "कामगिरी" नसते.

वेळेच्या आणि मापांच्या बाबतीत सावध राहावे. नोंद ग्रीनविच वेळेत आहे की भारतीय प्रमाणवेळेत हे आधी ठरवावे. दोहोंत साडेपाच तासांचे अंतर असल्याने पहाटेचे उड्डाण मध्यरात्रीचे भासते आणि तारीखही बदलू शकते. पाश्चात्त्य बनावटीच्या विमानांत उंची फुटांत, वेग नॉटमध्ये आणि वजन पौंडांत मोजत. सोव्हिएत बनावटीच्या विमानांची मूळ उपकरणे मीटर, किलोमीटर आणि किलोग्रॅम दाखवत. पॅकेटवरून ए.एन.१२ वर आलेला माणूस बोलण्याच्या ओघात दोन्ही मापे एकत्र वापरतो. तो "पाच हजारांवर होतो" म्हणाला तर फूट की मीटर ते तेव्हाच विचारून घ्यावे, कारण हिमालयात त्यावर सगळ्या प्रसंगाचा अर्थ अवलंबून असतो. विमानाचा क्रमांक अचूक उतरवावा. पुढे पडताळणीच्या वेळी नावापेक्षा आणि तारखेपेक्षाही तोच अधिक उपयोगी पडतो.

तंत्रज्ञांकडे लॉगबुक नसते. तेथे सेवापुस्तिका, बदल्यांचे आदेश, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे आणि स्क्वाड्रनची सामूहिक छायाचित्रे यांवरून कालक्रम जुळवावा लागतो. सामूहिक छायाचित्र समोर ठेवून डावीकडून एकेका चेहऱ्याचे नाव विचारत गेल्यास विस्मरणात गेलेली माणसे परत येतात. नाव आठवले नाही तरी "हा प्रॉपेलरवाला", "हा मेसचे हिशेब पाहायचा" अशी ओळख निघते आणि तीही लिहून घ्यावी.

प्रत्यक्ष मुलाखत

टर्बोप्रॉप इंजिनांच्या आवाजात आयुष्य गेलेल्या पुष्कळांना कमी ऐकू येते. आल्याबरोबर कोणत्या कानाने नीट ऐकू येते ते विचारून त्या बाजूला बसावे, चेहरा उजेडात ठेवावा आणि एका वेळी एकच प्रश्न विचारावा. पंखा बंद करता येत नसेल तर कॉलरला लावायचा मायक्रोफोन वापरावा. मोबाइल टेबलावर ठेवून केलेल्या मुद्रणात कपबशीचा आवाज माणसाच्या आवाजापेक्षा मोठा येतो. मुद्रण असंकुचित स्वरूपात, म्हणजे वेव्ह फाइलमध्ये करावे. सुरुवातीला तारीख, ठिकाण, दोघांची नावे आणि संमती हे सर्व मोठ्याने बोलून घ्यावे. दीड तासाच्या पुढे बसू नये. दोन छोट्या भेटी एका लांबलचक भेटीपेक्षा चांगल्या, कारण दोन भेटींच्या मधल्या आठवड्यात माणसाला रात्री-अपरात्री आठवत राहते आणि दुसऱ्या भेटीला तो कागदावर मुद्दे लिहून बसलेला असतो.

संबोधनात संकोच करू नये. अधिकाऱ्यांना "सर" म्हणावे; सार्जंट किंवा वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालेल्यांना "काका" म्हटलेले चालते, पण नोंदीत त्यांचा हुद्दा न चुकता लिहावा. हुद्दे दोन लिहायचे असतात: घटनेच्या वेळचा आणि निवृत्तीच्या वेळचा. १९६२ साली फ्लाइंग ऑफिसर असलेली व्यक्ती ग्रुप कॅप्टन म्हणून निवृत्त झाली असेल आणि आपण सगळीकडे "ग्रुप कॅप्टन" लिहिले, तर विमानात कोण कोणाचे ऐकत होते हेच वाचकाला कळणार नाही.

पहिला प्रश्न मालाचा असावा हे वर आलेच आहे. त्यानंतर हातांकडे लक्ष ठेवावे. वाहतूक विमानावरचा माणूस बोलताना हाताने थ्रॉटल मागे घेतो, दोरखंडाची गाठ मारून दाखवतो, बोटांनी दरीचा आकार काढतो. अशा वेळी त्याला कागद आणि पेन्सिल द्यावी. लेहला उतरताना डोंगर कुठे, नदी कुठे, वळण कुठून घ्यायचे याचे त्याने काढलेले वेडेवाकडे रेखाटन पानभर वर्णनापेक्षा अधिक सांगते. त्यावर त्याची सही आणि तारीख घेऊन ते मुद्रणासोबत जपावे. केवळ ध्वनिमुद्रण असेल तर आपण तोंडाने भर घालावी: "म्हणजे डाव्या हाताला डोंगर आणि उजवीकडे नदी, असेच ना?" हे वाक्य त्या क्षणी अनावश्यक वाटते, पण दहा वर्षांनी ऐकणाऱ्याला हात दिसणार नसतात.

त्याच्या भाषेला हात लावू नये. सॉर्टी (उड्डाणफेरी), डीझेड (माल टाकण्याची जागा), डिटॅचमेंट, स्नॅग, लोड, इजेक्शन (माल बाहेर ढकलणे) हे शब्द त्याच्या मराठीचा भाग झालेले आहेत. हिंदी वाक्ये मध्ये येतील, मेसमधल्या शिव्याही येतील. लिप्यंतर करताना त्यांचे शुद्ध मराठी करण्याचा मोह टाळावा आणि अर्थ हवाच असेल तर शेवटी स्वतंत्र शब्दसूची जोडावी.

घरातल्या इतरांशीही बोलावे. पतीचे विमान त्या दिवशी परत आले नाही, हवामानामुळे दुसऱ्या तळावर मुक्कामाला गेले, आणि ही बातमी वसाहतीत कोणी, किती वाजता, कशी आणली हे पत्नीला जितके स्पष्ट आठवते तितके पतीला आठवत नाही.

पडताळणी आणि जुळत नसलेल्या गोष्टी

स्मरण चुकते हे सर्वांना ठाऊक असते. पण ते कोणत्या प्रकारे चुकते हे ठाऊक असणे अधिक महत्त्वाचे आहे. लडाखमधील दौलत बेग ओल्डीचे (डीबीओ) उदाहरण घ्यावे. सुमारे १६,६०० फूट उंचीवरच्या या धावपट्टीवर २३ जुलै १९६२ रोजी स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी पॅकेट विमान पहिल्यांदा उतरवले. मधली अनेक वर्षे तेथे विमान उतरत नव्हते. ३१ मे २००८ रोजी ए.एन.३२ उतरले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी सी-१३०जे. तीन वेगळ्या पिढ्यांची माणसे "आम्ही डीबीओला पहिल्यांदा उतरलो" असे सांगतात आणि तिघेही आपापल्या जागी बरोबर असतात. त्यामुळे "पहिल्यांदा" हा शब्द कानावर पडला की कोणत्या विमानाने, किती वर्षांत, कोणाच्या तुलनेत पहिल्यांदा, हे सौम्यपणे विचारून घ्यावे.

याच्या उलट, अविश्वसनीय वाटणारी गोष्ट खरी निघण्याचीही उदाहरणे आहेत. ए.एन.१२ वर काम केलेले कोणी १९७१ च्या युद्धात "आम्ही बॉम्ब टाकले" असे म्हणाले, तर नवखा श्रोता वयाचा परिणाम समजून पुढे जाईल. वस्तुतः ४४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने मालवाहू ए.एन.१२ विमानांत बॉम्ब भरून पाकिस्तानातील छांगा मांगा जंगलातील दारूगोळ्याच्या साठ्यावर रात्रीचे हल्ले केले होते आणि त्यांच्या नेतृत्वासाठी महावीर चक्रही देण्यात आले. ज्या मागच्या दरवाजातून एरवी रसदीच्या पेट्या सरकवल्या जात, त्यातूनच बॉम्ब कसे सोडले, हे विचारायची संधी केवळ अज्ञानामुळे दवडली जाऊ नये.

छापील मजकूर नेहमीच स्मरणापेक्षा खरा असतो असेही नाही. ११ डिसेंबर १९७१ रोजी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील टांगाइल येथे २ पॅरा बटालियनचे सुमारे सातशे ते साडेसातशे सैनिक पॅराशूटने उतरवले गेले. परदेशी वार्ताहरांनी हा आकडा पाच हजारांवर नेला आणि सोबत छापले गेलेले छायाचित्र आधीच्या एका सरावाचे होते. त्या दिवशी ए.एन.१२, पॅकेट, डाकोटा आणि कॅरिबू अशी मिश्र विमाने होती. त्यांपैकी एका विमानातल्या गनरने आपल्या विमानातून किती जण उडी मारून गेले ते मोजलेले असते, आणि अशा वेळी त्याची मोजणी वर्तमानपत्रापेक्षा वजनदार ठरते.

पडताळणीसाठी संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने तयार केलेले युद्धेतिहास, दिल्लीतील युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनचे ग्रंथालय, स्क्वाड्रनच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिका आणि त्या काळची वृत्तपत्रे पाहावीत. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने जाहीर केलेल्या धोरणानुसार युद्धांचे आणि मोहिमांचे अभिलेख साधारणपणे २५ वर्षांनी खुले करावयाचे आहेत. त्यामुळे ४ जून १९८७ रोजी जाफन्यावर पाच ए.एन.३२ विमानांनी केलेली मदतफेक किंवा ३ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री आग्र्याहून मालदीवला गेलेली आय.एल.७६ विमाने यांविषयी आता मोकळेपणाने विचारता येते.

स्मरण आणि कागद यांत विसंगती आढळली तर मूळ कथनात दुरुस्ती करू नये. कथन जसेच्या तसे ठेवावे आणि खाली तळटीप द्यावी की लॉगबुकात तारीख अमुक आहे. मी एकदा एका आठवणीतील महिना परस्पर बदलला आणि नंतर लक्षात आले की लॉगबुकातील नोंद दुसऱ्या दिवशी, दुसऱ्याच्या हाताने केलेली होती. चुकला होता तो कागद.

अपघातांविषयी

७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंदीगडहून लेहकडे निघालेले बी.एल. ५३४ क्रमांकाचे ए.एन.१२ विमान १०२ जणांसह बेपत्ता झाले. लाहौलच्या हिमनदीत त्याचे अवशेष २००३ साली सापडले आणि मृतदेह त्यानंतरच्या वर्षांत एकेक करून मिळत गेले. २०२४ सालीही चार मिळाले. २२ जुलै २०१६ रोजी बंगालच्या उपसागरावर २९ जणांसह नाहीसे झालेले के २७४३ हे ए.एन.३२ विमान सुमारे ३,४०० मीटर खोलीवर आढळल्याचे जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. वाहतूक शाखेतल्या प्रत्येक जुन्या माणसाच्या मनात असे एखादे विमान असते, आणि त्या दिवशी त्यात आपल्याऐवजी दुसरा कोणी गेला होता अशी आठवणही अनेकांजवळ असते.

हा विषय आपण काढू नये. लॉगबुकात त्या तारखेच्या आसपासची शोधमोहिमेची उड्डाणे दिसली तर फक्त त्या नोंदीवर बोट ठेवून थांबावे. बोलायचे असेल तर समोरचा बोलेल. शांतता भरून काढण्यासाठी पुढचा प्रश्न विचारण्याची घाई करू नये. यंत्र चालू असले तरी हरकत नाही. चूक कोणाची होती हे मात्र विचारू नये. चौकशीचे निष्कर्ष त्याच्या हातात नसतात, आणि मृत सहकाऱ्याविषयी भावनेच्या भरात निघालेले वाक्य छापून आले तर दुसऱ्या एखाद्या घरात त्याचा घाव बसतो. अशा भागातील नावे प्रसिद्ध करण्यापूर्वी संबंधित कुटुंबाची परवानगी घेणे मी सक्तीचे मानतो.

गोपनीयता आणि संमती

माजी सैनिकांवरही शासकीय गोपनीयता कायदा, १९२३ लागू असतो. संदेशवहनाच्या वारंवारता, आजही वापरात असलेल्या तळांची रचना, चालू विमानांची संरक्षण उपकरणे यांविषयी प्रश्न विचारूच नयेत. "गोपनीय" असा शिक्का असलेला कागद समोर आला तर त्याचे छायाचित्र न काढता तो परत द्यावा. संमतिपत्र साध्या मराठीत, एका पानाचे असावे आणि त्यात मुद्रण कोण ऐकू शकेल, कोणता भाग किती वर्षे बंद ठेवायचा आणि मन बदलल्यास कोणाला कळवायचे, एवढ्या तीन गोष्टी असाव्यात.

जतन

लॉगबुक आणि छायाचित्रे घरातून बाहेर नेऊ नयेत. शक्य तर तेथेच स्कॅनर नेऊन ६०० डीपीआयवर प्रती काढाव्यात. छायाचित्रांची मागची बाजूही स्कॅन करावी, कारण नावे आणि ठिकाण बहुधा तेथेच लिहिलेले असते. चिकट पानांच्या अल्बममधून जुनी छायाचित्रे ओढून काढू नयेत, अल्बमसकटच प्रत घ्यावी. काहीही लॅमिनेट करू नये. फाइलच्या नावात तारीख, व्यक्तीचे आडनाव आणि विमानाचा प्रकार असावा. तीन प्रती, त्यांपैकी एक दुसऱ्या गावी, हा नियम पाळावा. एक प्रत कुटुंबाकडे, एक आपल्याकडे आणि संमती असल्यास एक युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन किंवा पालमच्या वायुसेना संग्रहालयासारख्या संस्थेकडे पत्रव्यवहार करून सोपवावी.

लिप्यंतर झाल्यावर ते मोठ्या टाइपात, दोन्ही बाजूंना रुंद समास सोडून छापावे आणि पेन्सिलीसह त्या व्यक्तीला वाचायला द्यावे. संगणकाच्या पडद्यावर वाचायला सांगू नये; कागदावर ही मंडळी लॉगबुक तपासावे तशी ओळ न् ओळ तपासतात. शेंगदाण्यांची पुरचुंडी दाखवणाऱ्या त्या फ्लाइट इंजिनिअरकडे मी नंतर दोनदा गेलो आणि चौऱ्याहत्तर पानांचा मजकूर त्यांच्याकडे ठेवून आलो. पंधरा दिवसांनी तो परत आला तेव्हा वादळात एक इंजिन बंद पडल्याच्या प्रसंगाजवळ एकही खूण नव्हती. सत्तावन्नाव्या पानावर मात्र "रॉकेलचे जेरीकॅन" या शब्दांवर रेघ मारून समासात बारीक अक्षरांत लिहिले होते: "जेरीकॅन नव्हे, पिंपे. जेरीकॅन पुढे हेलिकॉप्टरमध्ये जायचे."